आईबाबांची हजेरी आणि घरचे इंटरनेट



चिखल्यासारख्या गावात दवाखाना चालवताना रुग्णाच्या प्रकृतीबरोबर त्याच्या घराचीही ओळख होत जाते. तुमसर तालुक्यातील हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे ओळखले जाते. खाणीत पाळ्या करून निवृत्त झालेली पिढी आता सत्तरीच्या आसपास आहे आणि त्यांची मुले नागपूर, पुणे, हैदराबाद अशा शहरांत नोकरीला आहेत. ड्रिलच्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्या अनेकांना आता कमी ऐकू येते. घरात फोन वाजत राहतो आणि तो उचलला जात नाही. पुण्यातला मुलगा तीनदा फोन लावतो. चौथा फोन शेजाऱ्याला येतो, नाहीतर मला. बहुतेक वेळा बाबा अंगणात ऊन घेत बसलेले असतात किंवा धानाच्या बांधीवर गेलेले असतात. पण त्या अर्ध्या तासात मुलाच्या मनात काय काय येऊन जाते, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

या काळजीवरचा उपाय म्हणून आता घराघरांत कॅमेरे दिसू लागले आहेत. दिवाळीला आलेला मुलगा भिंतीवर कॅमेरा बसवतो, मोबाइलवर घर दिसू लागते, सर्वांना समाधान वाटते. मुलगा परत गेला की पंधरा दिवसांत तक्रारी सुरू होतात. चित्र मध्येच थांबते, पडद्यावर चकती फिरत राहते, दुपारीच दिवसाचा डेटा संपतो. मग मोठी योजना घ्यावी का, असा प्रश्न येतो, आणि आईबाबांच्या प्रकृतीशी तो जोडलेला असल्यामुळे औषधांच्या चिठ्ठीबरोबर तो माझ्याही टेबलावर येतो. आजच्या लेखात त्याचेच उत्तर द्यायचा प्रयत्न आहे. डॉक्टर या नात्याने एवढे सांगतो की, किती वेग हवा हे ठरवण्याआधी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे ते ठरवावे लागते.

जाणारा वेग पाहा

इंटरनेटच्या जाहिरातीत जो मोठा आकडा असतो, तो बहुधा घरात येणाऱ्या माहितीचा, म्हणजे डाउनलोडचा वेग असतो. चित्रपट पाहताना, बातम्या वाचताना तोच उपयोगी पडतो. कॅमेऱ्याचे काम उलट दिशेचे आहे. तो घरातील चित्र बाहेर पाठवतो, म्हणून त्याला अपलोडचा, म्हणजे जाणारा वेग लागतो. बांधीत पाणी घेणारा पाट रुंद असला, तरी जादा पाणी बाहेर काढणारी मोरी अरुंद असेल तर पाणी तुंबतेच. कॅमेऱ्याचे चित्र अडकते ते बहुधा या मोरीत.

भारतात जानेवारी २०२३ मध्ये 'ब्रॉडबँड' या शब्दाची व्याख्या बदलली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस झाला. ही अटसुद्धा येणाऱ्या वेगाची आहे. तांब्याच्या टेलिफोन तारेवरून मिळणाऱ्या जुन्या जोडणीत येणारा वेग ८ एमबीपीएस असला, तरी जाणारा वेग १ एमबीपीएसपेक्षाही कमी असू शकतो. मोबाइल टॉवरवर चालणाऱ्या जोडणीतही जाणारा वेग कमीच असतो. टॉवर दूर असेल, मध्ये डोंगर वा दाट झाडी असेल, किंवा संध्याकाळी सारे गाव एकदम मोबाइल पाहत असेल, तर तो आणखी घटतो. फायबरच्या अनेक योजनांत मात्र दोन्ही दिशांचा वेग सारखा मिळतो. म्हणून योजना घेताना 'अपलोड किती?' हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली म्हणजे ती आपल्या घरी आली, असे होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याला काय पाहायचे आहे?

इंटरनेटवरून पाहता आलेल्या पहिल्या कॅमेऱ्याची गोष्ट येथे आठवते. १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेतील संशोधकांनी कॉफीच्या भांड्यासमोर एक कॅमेरा लावला. जागेवरून उठण्याआधी भांड्यात कॉफी शिल्लक आहे का, एवढेच त्यांना पाहायचे होते. ते चित्र रंगहीन, १२८ बाय १२८ ठिपक्यांचे होते आणि मिनिटाला सुमारे तीनदा बदलत असे. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आले आणि २००१ मध्ये बंद झाले. इतक्या साध्या चित्रावरही त्यांचे काम भागत होते, कारण त्यांचा प्रश्न लहान होता.

आपल्या घरातील प्रश्नही तीन प्रकारचे असतात.

पहिला प्रश्न हजेरीचा. बाबा उठले का, आई स्वयंपाकघरात गेली का, दार उघडले का? यासाठी सलग चित्र लागत नाही. हालचाल दिसताच कॅमेरा एक छोटे छायाचित्र आणि सूचना पाठवतो. जेमतेम वेगातही हे काम होते. या सूचनेचा उलटा उपयोग अधिक मोलाचा आहे. रोज सकाळी सहा ते सात या वेळात हमखास येणारी सूचना एखाद्या दिवशी आठ वाजेपर्यंत आली नाही, तर फोन करावा.

दुसरा प्रश्न हालचालीचा. चाल डगमगते का, खुर्चीतून उठताना आधार घ्यावा लागतो का, ताट तसेच राहते का, काठी हातात असते का? यासाठी सलग चित्र हवे, पण ते फार स्पष्ट असण्याची गरज नाही. बहुतेक कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये 'एसडी' नावाचा हलका पर्याय असतो. त्याला साधारणपणे ०.३ ते ०.५ एमबीपीएस वेग पुरतो.

तिसरा प्रश्न बारकाव्यांचा. पायावरची सूज, जखमेचा रंग, गोळीच्या पाकिटावरचे नाव. यासाठी स्पष्ट चित्र लागते. ७२० ठिपके उंचीच्या चित्राला सुमारे १ एमबीपीएस आणि १०८० ठिपक्यांच्या चित्राला सुमारे २ एमबीपीएस धरावे, एच.२६५ या पद्धतीने चित्र आवळणारा कॅमेरा असेल तर जवळपास निम्म्यात भागते. परंतु माझा अनुभव असा की, भिंतीवरच्या कॅमेऱ्यातून सूज वा जखम नीट दिसत नाही. शेजाऱ्याने वा आशाताईंनी जवळून मोबाइलवर काढलेले छायाचित्र डॉक्टरला कितीतरी अधिक सांगते. ३०० केबीचे छायाचित्र ०.५ एमबीपीएस वेगानेही पाच सेकंदांत जाते. म्हणजे ज्या कामासाठी आपण मोठी योजना घेतो, ते काम अनेकदा साध्या फोटोने होते.

डेटाचा हिशेब

वेग बिटांत मोजतात आणि डेटा बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे १ एमबीपीएसने तासभर चित्र पाठवले तर ४५० एमबी डेटा खर्च होतो. हलक्या, ०.५ एमबीपीएसच्या चित्राला तासाला २२५ एमबी आणि २ एमबीपीएसच्या चित्राला ९०० एमबी लागतात.

घरातील राउटर मोबाइलच्या सिमवर चालत असेल आणि दिवसाला १.५ जीबी डेटा मिळत असेल, तर स्पष्ट चित्र सलग पाहिल्यास तो एक तास चाळीस मिनिटांत संपतो. त्यानंतर बहुतेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात चित्र चालत नाही, आणि डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायचे झाल्यास तेही शक्य होत नाही. याउलट हलके चित्र सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे पाहिले, तर दिवसाला ७५ एमबी, म्हणजे महिन्याला सव्वादोन जीबी पुरतात.

खरी उधळपट्टी होते ती अखंड क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये. या पर्यायात कोणी पाहत असो वा नसो, कॅमेरा चोवीस तास चित्र बाहेर पाठवत राहतो. १ एमबीपीएसच्या हिशेबाने ते दिवसाला १०.८ जीबी आणि तीस दिवसांत ३२४ जीबी होते. त्याऐवजी कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालावे. ६४ जीबीच्या कार्डावर याच दर्जाचे पाच ते सहा दिवसांचे रेकॉर्डिंग मावते, जुने आपोआप पुसले जाते आणि इंटरनेट लागते ते फक्त पाहताना.

आणखी एक बाब. पुण्यातून भाऊ आणि नागपुरातून बहीण एकाच वेळी पाहू लागले, तर अनेक कॅमेऱ्यांना चित्राच्या दोन प्रती पाठवाव्या लागतात आणि मागणी दुप्पट होते. दोन कॅमेरे, दोन पाहणारे आणि त्याच वेळी आईचा नातवाशी व्हिडिओ कॉल, असा सगळा विचार केला तरी हलक्या चित्रासाठी जाणारा वेग ४ ते ५ एमबीपीएस असला की निर्धास्त राहावे. एका कॅमेऱ्याला आणि एका पाहणाऱ्याला १ एमबीपीएस पुरतो. सूत्र सोपे आहे: लागणाऱ्या वेगाची बेरीज करावी आणि त्याच्या दुप्पट वेग घरी आहे का ते पाहावे.

तपासणी घरीच करा

रक्तदाब एकदा मोजून निदान करत नाहीत. वेगाचेही तसेच आहे. कॅमेरा जेथे लावायचा तेथे उभे राहून, घरच्या वाय-फायवर मोबाइलमधून वेग मोजावा आणि 'अपलोड'चा आकडा लिहून ठेवावा. सकाळी, रात्री आठ-नऊच्या सुमारास आणि एखाद्या पावसाच्या दिवशी अशी तीनदा मोजणी करावी. यांतला सर्वांत कमी आकडा खरा मानावा.

राउटरजवळ वेग चांगला आणि कॅमेऱ्याजवळ कमी येत असेल, तर दोष योजनेचा नसून भिंतींचा आहे. जुन्या घरांच्या जाड भिंती आणि मध्ये उभे असलेले लोखंडी कपाट वाय-फायची शक्ती खाऊन टाकतात. अशा वेळी अधिक पैसे भरून काही साधत नाही. राउटर उंचावर, घराच्या मधोमध ठेवावा. राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतील, तर कॅमेरा २.४ वर जोडावा. त्याचा वेग कमी असला तरी तो भिंतीपलीकडे अधिक चांगला पोहोचतो, आणि स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बरेचसे त्यावरच चालतात.

शहरातल्या मुलानेही आपल्या बाजूची तपासणी करावी. कार्यालयाच्या तळघरात मोबाइलला वेग नसेल, तर गावचे चित्र तेथे अडकणारच.

वीज गेली की राउटर बंद, कॅमेरा बंद. पावसाळ्यात हे वारंवार होते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस काही तास निभावून नेतो. राउटरवर लिहिलेल्या व्होल्टेजशी तो जुळतो ना, एवढे पाहून घ्यावे. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही त्याचा आधार द्यावा. तरीही कधीतरी पडद्यावर 'ऑफलाइन' दिसेल. त्याचा अर्थ घरात काही विपरीत घडले असा काढू नये. आधी शेजाऱ्याला वीज आहे का ते विचारावे.

कॅमेऱ्याचा औषधाइतका उपयोग

दोन प्रसंगी कॅमेरा उपचारालाही हातभार लावू शकतो.

पहिला पक्षाघाताचा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात वा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसताच वेळेचा हिशेब सुरू होतो. मेंदूतील गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. त्यापूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. येथून सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठण्यातच त्यातला मोठा वेळ जातो. रुग्णाला बोलता येत नसेल किंवा तो झोपेतून उठतानाच आजारी असेल, तर तो शेवटचा धडधाकट केव्हा दिसला होता, त्या वेळेपासून तास मोजतात. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही वेळ कोण सांगणार? मेमरी कार्डावरचे रेकॉर्डिंग ती सांगू शकते. 'सहा वाजून दहा मिनिटांनी आईने हाताने कप उचलला होता', एवढी माहिती रुग्णालयातील डॉक्टरांच्या निर्णयाला आधार देते. यासाठी वेगवान इंटरनेटची गरज नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असले पाहिजे. महिन्यातून एकदा ते तपासावे.

दुसरा प्रसंग पडण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्ती सर्वाधिक असतात. पडल्यानंतर उठता न येता तासाहून अधिक काळ जमिनीवर राहावे लागले, तर मोडलेल्या हाडाखेरीज स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडावर ताण येतो; निर्जलीकरण, न्यूमोनिया आणि दाबाने होणाऱ्या जखमा यांचा धोका वाढतो. ठरावीक वेळी पाहण्याची सवय आणि सकाळची सूचना यांमुळे हा काळ कमी होऊ शकतो.

पण कॅमेरा कोणाला उचलून उभे करत नाही. पुण्यात बसून चित्र कितीही स्पष्ट दिसले, तरी दार उघडायला चिखल्यातच कोणीतरी असावे लागते. म्हणून कॅमेरा घेण्याआधी घराची एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे द्यावी. दोन शेजाऱ्यांचे क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ हे आकडे मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावेत. बाबांना ऐकू येत नसल्याने फोन उचलला जात नसेल, तर श्रवणाची तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्र आणि वाजताना दिवा लागणारा वा थरथरणारा फोन यांनी निम्मी काळजी मिटते.

आईबाबांना विचारले का?

घरात पडण्याच्या नेहमीच्या जागांपैकी एक म्हणजे न्हाणीघर, आणि तेथे कॅमेरा कधीही लावू नये. तेथे भिंतीला पकडायची दांडी, न घसरणारी चटई आणि वाटेवर रात्रीचा दिवा लावावा. शयनगृहही शक्यतो वगळावे. बैठकीची खोली, स्वयंपाकघराचे दार, अंगणाकडचा उंबरा एवढ्यावर हजेरी पुरेशी कळते.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्या प्रकरणातील याचिकाकर्ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टास्वामी त्या वेळी नव्वदी ओलांडलेले होते. वयाबरोबर माणसाचा संकोच वा स्वाभिमान कमी होत नाही, हे मी रोज तपासणीच्या खोलीत पाहतो. कॅमेरा लावण्यापूर्वी आईबाबांना विचारावे. तो कोठे आहे, कोण कोण पाहते, आवाजही ऐकू जातो का, हे सांगावे. पाहुणे आले असता किंवा नुसते मनात आले म्हणून त्यावर फडके टाकण्याची त्यांना मुभा असावी. फडके दिसले तर रागावू नये, फोन करावा. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही कॅमेऱ्याची कल्पना द्यावी.

चित्र पोहोचायला काही सेकंद उशीर होतो, हेही विसरू नये. आई जिन्यावर दिसते म्हणून कॅमेऱ्याच्या भोंग्यातून 'आई, सांभाळ!' असे ओरडू नये. तोवर ती पुढे गेलेली असते आणि अचानक आलेल्या आवाजाने दचकून तोल जाऊ शकतो. विस्मरणाच्या आजारात तर भिंतीतून येणाऱ्या आवाजाची भीतीच बसते.

आणि पासवर्ड. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक सॉफ्टवेअरने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि ॲपमध्ये दुहेरी पडताळणी सुरू करावी. कॅमेरा बसवून देणाऱ्या दुकानदाराच्या मोबाइलवर आपले घर दिसत राहिले नाही ना, तेही पाहावे.

तेव्हा मोठ्या योजनेचे पैसे भरण्यापूर्वी या आठवड्यात एवढे करून पाहा: चित्र 'एसडी'वर आणा, क्लाउडऐवजी कार्ड वापरा, राउटरची जागा बदला आणि जाणारा वेग तीनदा मोजा. बऱ्याच घरांत आहे त्या जोडणीवरच काम भागेल. वाचलेल्या पैशांतून न्हाणीघरात दांडी बसवून घ्या. आणि ज्या दिवशी कॅमेऱ्यात बाबा नीट चालताना दिसतील, त्या दिवशीही त्यांना फोन करा. ते दिसले म्हणून बोलायचे राहिले, असे होऊ देऊ नका.